उंच जीपचं कापरं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्यात गेली ३४ वर्षं मी गॅरेज चालवतो. बोलणं हे काही माझं काम नाही, माझं काम ऐकण्याचं. गाडी काय म्हणते ते ऐकायचं आणि गाडीवाला काय म्हणतो तेही ऐकायचं. बहुतेक वेळा दोघांचं म्हणणं जुळत नाही, आणि तिथूनच आमचा दिवस सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. पाटणकडचा एक तरुण जीप घेऊन आला. जुनी, पाट्यांची जीप. वडिलांनी घेतलेली. वडील गेल्यावर मुलाने ती हौसेने उंच करून घेतली होती. पुढे-मागे पाटे वाढवलेले, शॅकल लांब केलेली, मूळच्या अरुंद टायरांच्या जागी ३१ इंची रुंद टायर आणि त्यांच्यासाठी बाहेर आलेल्या रिम. चाळकेवाडीच्या पठारावर, सडावाघापूरच्या वाटांवर मित्रांबरोबर जायचं म्हणून. गाडी दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू?

बरोबर त्याची आई होती. ती खाली उतरली, बाकावर बसली आणि म्हणाली, "दादा, ही गाडी विकून टाक म्हणून सांगा ह्याला. माझं ऐकत नाही."

मुलगा म्हणाला, "काका, स्टिअरिंग थोडं हलतं."

पुढची हकिगत आईनेच सांगितली. मुलीला आठवा महिना. तिला कराडला दवाखान्यात दाखवून परत साताऱ्याकडे येत होते. महामार्गावर उंब्रजच्या पुढे एका पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं आणि पुढची गाडी कापायला लागली. स्टिअरिंग हातातून सुटेल असं डावं-उजवं आपटत होतं, बॉनेट हलत होतं, समोरच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला. मागे ट्रक. पोराने घाबरून करकचून ब्रेक मारला, तर ते आणखी वाढलं. गाडी कशीबशी कडेच्या मातीत जाऊन थांबली. मुलगी मागच्या सीटवर पोट धरून बसली होती. तिला काही झालं नाही. आई हे सगळं एका संथ आवाजात सांगत होती, आणि पोरगा खाली मान घालून चावी बोटाभोवती फिरवत होता.

याला शिमी म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात मोटारींना कमी हवेचे फुगीर 'बलून' टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि गाड्या हा नाच करायला लागल्या. त्या काळात शिमी नावाचं अंग थरथरवण्याचं एक नृत्य लोकप्रिय होतं, त्याच्यावरूनच हे नाव. १९३४ च्या सुमारास अमेरिकन मोटारींमध्ये पुढच्या दोन चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन द्यायला सुरुवात झाली, त्यामागे जी कारणं होती त्यांत हे एक होतं. पण जीपचं पुढचं हाउसिंग अखंडच राहिलं. खडकाळ वाटेला ते सोयीचं आणि भक्कम पडतं. त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

हे होतं कसं, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. रेल्वे स्टेशनवरची सामानाची ट्रॉली किंवा दवाखान्यातलं स्ट्रेचर जोरात ढकलताना त्याचं एखादं छोटं चाक कसं फडफडतं, पाहिलंय ना? तेच हे, फक्त दीड-दोन टन वजनाच्या गाडीखाली. पुढचं चाक किंगपिनभोवती डावं-उजवं वळतं. दोन्ही चाकं टायरॉडने एकमेकांना बांधलेली. एकाला धक्का बसला की दुसरंही वळतं. शिवाय हाउसिंग एकच असल्याने एक चाक उचललं गेलं की दुसरं झुकतं. आता घरी एक गंमत करून बघा. सायकलचं पुढचं चाक सुटं काढा, आस दोन्ही हातांत धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग तिरपं करा. चाक सरळ तिरपं होत नाही, हातातून वळायला बघतं. जीपमध्येही तसंच. उचलल्याने झुकतं, झुकल्याने वळतं, वळल्याने पुन्हा उचलतं. रस्त्याने एकदाच टिचकी मारायची, पुढचं काम गाडी स्वतःच करते.

आणि हे ठरावीक वेगालाच का? हिशेब करू. मूळचं २८ इंची टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जातं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरतं. ३१ इंची टायरला हाच आकडा पावणेसातच्या जवळ येतो. हाउसिंग, पाटे, टायर आणि स्टिअरिंग या सगळ्यांची मिळून हलण्याची स्वतःची एक लय असते आणि ती साधारण याच टापूत पडते. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला धक्का आठवा. म्हणून वेग उतरला की कापरं आपोआप थांबतं.

त्या पोराने आमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणं केली होती. पहिल्या ठिकाणी चाकं बॅलन्स करून दिली. दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट करून छापील कागद दिला. तिसऱ्या ठिकाणी स्टिअरिंगला आडवा शॉकअप लावला, ज्याला डॅम्पर म्हणतात, आणि सांगितलं की आता त्रास नाही. तीन महिने नव्हताही. चौथ्या महिन्यात हा पूल आला.

त्या तिघांपैकी कुणालाही मी नावं ठेवणार नाही. कारण सांगतो. १९९८ मध्ये मीसुद्धा हेच केलं आहे. अशीच कापणारी एक जीप आली होती. ऊसतोडणीचा हंगाम, मालकाला घाई, मलाही घाई. डॅम्पर लावला, गाडी शांत झाली, मी पैसे घेतले. पाच आठवड्यांनी एका मोरीच्या कठड्याला धडकून ती नाल्यात गेली. चालवणाऱ्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तो माणूस आजही मला बाजारात भेटतो, रामराम करतो, थोडा लंगडत पुढे जातो. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. गाडी नाल्यातून काढल्यावर मी ती उघडून पाहिली होती. वरचं किंगपिन बेअरिंग इतकं झिजलं होतं की बोटाने हलत होतं. डॅम्परने ती झीज भरून काढली नव्हती, फक्त माझ्या आणि त्याच्या नजरेआड ठेवली होती, आणि तेवढ्या मुदतीत ती वाढत गेली.

म्हणून माझ्याकडे अशी गाडी आली की पहिलं काम ठरलेलं. डॅम्पर लावलेला असेल तर तो सोडवायचा. ताप मोजायच्या आधी तापाची गोळी द्यायची नाही.

दुसरं काम विचारायचं. कितव्या वेगाला होतं? गुळगुळीत रस्त्यावरही होतं का, की खड्डा किंवा सांधा लागला तरच? वेग कमी होईपर्यंत थांबतच नाही का? गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगाला नुसतीच बारीक थरथर येत असेल आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर बहुधा टायरचं बॅलन्सिंग गेलेलं असतं किंवा रिम वाकलेली असते. ब्रेक मारल्यावरच हलत असेल तर ड्रम बघायचे. धक्क्याने सुरू होऊन, थांबवल्याशिवाय थांबत नसेल, तर ती शिमी. या पोराच्या गाडीत तिसरा प्रकार होता. अर्थात बॅलन्सिंग वाईट असेल तर शिमीला निमित्त मिळतं, पण निमित्त वेगळं आणि कारण वेगळं.

मग गाडी चाकांवरच, सपाट फरशीवर उभी करायची. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत राहायचं. पुरं फिरवायचं नाही, चाकं जेमतेम वळतील इतकंच. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा: स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, बॉक्स जिथे चासीला बसतो ती जागा, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, जुन्या जीपमध्ये मधला बेल क्रँक, मग टायरॉडची टोकं. हात ठेवायचा म्हणजे सांध्याच्या दोन्ही भागांवर एकाच वेळी बोटं ठेवायची. एक भाग हलला आणि दुसरा मागाहून हलला, की तो सांधा गेला. दिसत नाही ते बोटांना कळतं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं टॉर्च घेऊन खाली जातात, मी त्यांना टॉर्च बंद करायला सांगतो. इथे एका टायरॉडच्या टोकात ढिलाई मिळाली. पोरगा म्हणाला, "सापडलं!" मी म्हटलं, "एक सापडलं."

मग पुढची बाजू जॅकवर घेऊन घोडीवर ठेवायची. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचं. हललं तर दोन शक्यता: हबचं बेअरिंग ढिलं किंवा किंगपिनचं. हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेकने ड्रम आणि नकल एकमेकांना घट्ट पकडतात. मग हलणं बंद झालं तर दोष हबच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर दोष किंगपिनचा. आमचं चाक ब्रेक दाबल्यावरही हललं, उजवं जास्त, डावं थोडं.

उघडलं. या हाउसिंगमध्ये प्रत्येक बाजूला नकलच्या वर एक आणि खाली एक अशी तिरप्या रोलरची बेअरिंग असतात, आणि टोपीखाली पातळ पत्र्याच्या शिम घालून त्यांचा ताठरपणा ठरवायचा असतो. ताठरपणा म्हणजे, टायरॉड सोडवल्यावर नकल वळवायला थोडा जोर लागला पाहिजे. मी तो काट्याला अडकवून ओढून बघतो. इथे नकल करंगळीने फिरत होती. रोलर ज्या वाटीत बसतात तिच्यावर ओळीने खाचा पडल्या होत्या. बाहेर आलेल्या रिमचं हे देणं. रिम जितकी बाहेर, तितका रस्त्याचा धक्का लांब तरफेने किंगपिनवर येतो. कडीचा दरवाजा बिजागरीजवळ ढकला आणि कडीजवळ ढकला, फरक कळतो.

इतकं झाल्यावर एखाद्याने बेअरिंग बदलून गाडी दिली असती. मीही मोहात पडलो होतो. पण या गाडीचं उंच होणं अजून तपासलं नव्हतं, आणि १९९८ साल माझ्या डोक्यातून जात नाही.

इथे कॅस्टर नावाची गोष्ट येते. सायकलचा चिमटा बघा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. म्हणूनच हात सोडूनही सायकल सरळ जाते. जीपच्या किंगपिनलाही तसाच कल असतो, जुन्या विलीज पद्धतीच्या जीपला तीन अंश. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते, आणि ढिल्या सांध्यांना आवर घालणारं कुणी उरत नाही. कल वाढवत नेला तरी चालत नाही, प्रमाणाबाहेर कलही चाकांना फडफडायला लावतो.

या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं आणि पुढचं टोक शॅकलवर झुलतं. पोराने शॅकल दोन इंचांनी लांब केली होती. त्यामुळे पाट्याचं पुढचं टोक चासीपासून दोन इंच खाली गेलं. पाटा साधारण ३६ इंच लांब. छत्तीसात दोन इंच उतार म्हणजे तीन अंशांहून किंचित जास्त. हाउसिंग तेवढंच पुढे कलंडलं. म्हणजे होता तो सगळा कल संपला! बरं, दोन इंच लांब शॅकलने गाडी उंच किती होते? हाउसिंग पाट्याच्या मधोमध असतं, म्हणून फक्त एक इंच. एका इंचासाठी पोराने सगळा कॅस्टर देऊन टाकला होता. मी किंगपिनच्या टोपीवर कोनमापक ठेवून त्याला दाखवलं. काटा शून्याच्याही थोडा पलीकडे होता. तो पहिल्यांदाच गप्प बसला.

त्याने विचारलं, "मग अलाइनमेंटवाल्याने कागद दिला तो?" कागद खरा होता. त्यावर टो-इन बरोबर होतं, दोन मिलिमीटर. या हाउसिंगवर टायरॉड फिरवून टो-इनच बदलता येतं. कॅस्टर बदलायला पाना लागत नाही, पाचर लागते. पाटा हाउसिंगच्या खाली बसतो अशा गाडीत पाचरीची जाड बाजू पुढे हवी. पाटा हाउसिंगच्या वर घेतला असेल तर जाड बाजू मागे. उलटी बसवली तर आहे तेही जातं. कागदावर कॅस्टरच्या पुढे आकडा होता, पण तो कुणी वाचला नव्हता. पोराने नाही, आणि ज्याने छापला त्यानेही नाही.

मी पाचर मारली नाही. मूळची शॅकल परत बसवायला सांगितली. शॅकलचे बुश नवे, यू बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाट्याचा मधला बोल्ट अर्धा कापलेला मिळाला, तो बदलला. तो पुरता तुटता तर हाउसिंग पाट्यावरून सरकलं असतं. चारही किंगपिन बेअरिंग आणि टायरॉडची टोकं बदलली. रिम मूळच्या मापाच्या लावल्या. टायरवरून थोडी वादावादी झाली. शेवटी तो २८ इंचीवर आला, मनापासून नव्हे.

ज्यांच्या गाड्यांना पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि अखंड हाउसिंग असतं, त्यांनी एक आडवा दांडा जास्त तपासायचा, पॅनहार्ड रॉड. गाडी उंच केली की तो हाउसिंगला एका बाजूला ओढतो, आणि त्याचं बोल्टचं भोक लंबगोल झालं असेल तर तेवढ्यानेही गाडी कापते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं, त्यात आज शिरत नाही. कायद्याचंही एका वाक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस शॅकलकडे बघत उभा राहतो, तेव्हा हे कलम आठवण्यात अर्थ नसतो.

आणि हे तुमच्यावरच रस्त्यात गुदरलं तर? ब्रेक करकचून मारू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग घट्ट धरा, पण त्याच्याशी झटापट करू नका. अंगठे चाकाच्या आत अडकवू नका, बाहेर ठेवा. जुने जीपवाले अंगठा मोडून घेऊनच हे शिकले आहेत. वेग उतरू द्या, कापरं थांबेल, मग कडेला घ्या. आणि थांबलं म्हणून पुन्हा ६० वर नेऊ नका. त्याच गाडीने, त्याच दिवशी, पुढच्या सांध्यावर तेच होणार.

गाडी तयार झाली त्या दिवशी डॅम्पर न लावता मी स्वतः चालवली. पोरगा शेजारी. त्याच महामार्गावर, त्याच पुलावरून, आधी ४० ने, मग ५० ने, मग ६० ने. साठला सांध्यावर चाक आपटलं. माझ्याही हाताला घाम होता, कबूल करतो. स्टिअरिंग एकदा हललं आणि सरळ झालं. परत फिरून ७० ने नेली. पुन्हा तेच.

गॅरेजला आलो तर आई बाकावरच होती. तिने पोराला काही विचारलं नाही, मला विचारलं, "दादा, आता मी बसू का?" मी म्हटलं, "बसा." ती पुढच्या सीटवर बसली, दाराची कडी दोनदा ओढून बघितली आणि पदर नीट केला.

पोराला मी पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट आवळून घ्यायला बोलावलं होतं. नवे पाटे बसतात, बोल्ट सैल होतात. सहसा कुणी येत नाही. हा सहाशे चाळीसला आला. बहीण आणि तिचं बाळ मागच्या सीटवर होते. लांब केलेली ती दोन शॅकल मी ठेवून घेतली आहेत, गॅरेजच्या भिंतीला खिळ्याला टांगून. नवीन पोरगं शिकायला आलं की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतो आणि विचारतो, याने गाडी किती उंच होईल?